फॉर्ममध्ये मुलगी हुशार, घटक चाचणीत मात्र ९ मार्क?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. शाळेने मेटाकॉग्निशनचा, म्हणजे आपण कसे शिकतो याची मुलांना किती जाण आहे हे बघणारा फॉर्म भरून घेतला, १८ वाक्यं होती. त्यात तिला भरपूर गुण, आणि गणिताच्या घटक चाचणीत २० पैकी ९! फॉर्म चुकला की मुलगी खोटं लिहिते?
– एक आई, लालबाग

उत्तर : ताई, खोटं वगैरे काही नाही, तो संशय आधी मनातून काढा. वर्णनावरून हा ज्युनिअर एमएआय (मेटाकॉग्निटिव्ह अवेअरनेस इन्व्हेंटरी, याच जाणिवेची मुलांसाठीची प्रश्नावली) वाटतोय. श्रॉ आणि डेनिसन या संशोधकांनी १९९४ मध्ये मोठ्यांसाठी ५२ वाक्यांची प्रश्नावली केली होती, तिच्यावरून स्पर्लिंग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या मुलांसाठी दोन छोट्या केल्या, तिसरी ते पाचवीला १२ वाक्यांची आणि सहावी ते नववीला १८ ची. मला काय येतं, कुठली पद्धत कधी वापरायची हे कळतं का, आणि अभ्यास करताना मी प्लॅन करते का, मध्ये थांबून तपासते का, असं त्यात विचारतात. पण हे सगळं मूल स्वतःच स्वतःबद्दल सांगतं ना! ‘नेहमी’वर टिक करायला काय लागतं, त्यात बाई समोर उभ्या असल्या की बाईंना आवडेल तेच लिहिलं जातं. उलट जिला आपल्या चुका दिसायला लागल्यात ती मुलगी कधीकधी स्वतःला कमी गुण देते, आणि मला तर ती पुढे गेलेली वाटते.

म्हणून फॉर्मच्या जोडीला घरी एक करा. सराव पेपरात प्रत्येक गणित सोडवून झालं की हे बरोबर असेल याची किती खात्री आहे ते बाजूला लिहायला सांगा, शेवटी एकूण किती मार्क पडतील तेही, आणि मग तपासा. ती १७ म्हणाली आणि ९ पडले तर कुठल्या गणितांत खात्री फसली ते दोघी मिळून बघा, बऱ्याचदा क्लासमध्ये सरांनी फळ्यावर सोडवलेलं असतं तेच ‘मला येतं’ वाटत असतं. आणि अभ्यास संपल्या संपल्या ‘आलं का?’ विचारू नका. नेल्सन आणि डनलॉस्की या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये शब्दांच्या जोड्या पाठ करायला देऊन दाखवलं की नंतर आठवेल का याच्या लगेच केलेल्या अंदाजापेक्षा थोडा वेळ जाऊ देऊन केलेला अंदाज खूप जास्त बरोबर येतो. तेव्हा रात्रीचा अभ्यास सकाळी विचारा, पुस्तक बंद ठेवून.

आणि हो, शाळा हे गुण प्रगतीपुस्तकात टाकणार असेल किंवा मुलांचे नंबर लावणार असेल तर पालकसभेत सरळ विरोध करा, पुढच्या वेळी एकही मूल खरं लिहिणार नाही.