काटा वर गेला म्हणून भाकरी सोडू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. दोन आठवडे नेमाने जिमला गेलीस, घरचंच जेवलीस आणि काटा दीड किलो वर. म्हणून आता रात्रीची भाकरी बंद! तसलं काही करू नकोस.

आधी हिशेब मांड. एक किलो चरबी चढायला साधारण 7700 कॅलरी जास्तीच्या पोटात जाव्या लागतात. दीड किलोला साडेअकरा हजार. म्हणजे चौदाही दिवस, रोज नेहमीच्या जेवणावर आणखी सहा-सात भाकऱ्या. तेवढं तू खाल्लेलं नाहीस. खाल्लं असतंस तर आईने आधी मला फोन केला असता.

वाढलंय ते मुख्यतः पाणी. सवय नसलेल्या स्नायूंवर भार पडला की त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते, ती भरून येताना तिथे सूज येते आणि पाणी धरलं जातं. स्क्वॉटनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं, जिना उतरवत नाही, तो हाच काळ. शिवाय स्नायू ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधन म्हणून साठवलेल्या साखरेचा, साठा वाढवू लागतात आणि दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. साठा शंभर ग्रॅमने वाढला, तर काट्यावर चारशे दिसतात. त्यात पाळी जवळ आलेली असेल किंवा आदल्या रात्री लोणचं-पापड झालं असेल, तर विचारूच नको. क्रिएटिन, म्हणजे जिमवाले ताकदीसाठी घेतात ती पावडर, सुरू केलं असशील तर तेही सांग, त्यानेही सुरुवातीला किलोभर पाणी चढू शकतं.

जिममध्ये कोणीतरी म्हणेलच, ‘मसल वाढलाय!’ ऐकायला गोड आहे, पण इतक्या लवकर दीड किलो स्नायू चढत नाही. सध्या तुझी ताकद वाढतेय ती बहुतेक मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतेय म्हणून.

वजन करायचंच तर सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाआधी कर आणि आठवड्याची सरासरी काढ. या महिन्याचा आकडा मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसांशी ताडून बघ. टेलरची टेप घेऊन बेंबीपाशी कंबर मोज. माझा भरवसा काट्यापेक्षा टेपवर जास्त. शरीर सरावलं की काही आठवड्यांत सूज ओसरते. ग्लायकोजेनबरोबरचं पाणी मात्र थोडंफार राहील, राहू दे. दोन महिन्यांनी वजन आणि कंबर दोन्ही चढती दिसली, तर मात्र जेवणाबद्दल बोलू. व्यायामाने भूक खवळते, हेही खरंच आहे.

पाणी पिणं कमी करू नकोस. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, स्नायू असह्य दुखून सुजले, किंवा पावलं सुजून धाप लागली, तर माझ्या उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

शनिवारी बारवरचं वजन गेल्या वेळेइतकंच ठेव. आणि उपाशी जाऊ नकोस.

तुझी,
ताई