80 मिमीच्या दुर्बिणीतून सूर्य: फिल्टर भिंगापुढेच हवा

निपाणीहून तुम्ही विचारलंय की 80 मिमी भिंगाच्या, 900 मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीबरोबर आयपीसला (डोळा लावतो त्या भिंगाला) बसणारा काळा ‘सन’ फिल्टर आलाय, तो वापरू का, आणि त्यातून सूर्याच्या कडेच्या ज्वाला दिसतील का.

तो फिल्टर आजच फोडून टाका, पोराटोरांच्या हाती लागायला नको. तुमच्या नळीत सूर्याची प्रतिमा सव्वाआठ मिलिमीटरची पडते. भिंगावरचं सगळं ऊन तेवढ्यात, नव्वदेक पटीनं एकवटतं, आणि ती काळी काच तिथंच जवळ बसते. तापून तडकते तेव्हा मागं तुमचा डोळा असतो. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून बघणंही त्याच कारणानं घातक.

बाडर कंपनीची ॲस्ट्रोसोलर ही सूर्यासाठीची फिल्म घ्या, पण घनता 5.0 ची. ती एक लाखांश प्रकाश सोडते. 3.8 ची फक्त फोटोसाठी, तिला डोळा लावू नका. नळीच्या तोंडावर घट्ट बसेल असं जाड पुठ्ठ्याचं कडं करा आणि मधे भोक पाडलेल्या दोन चकत्यांमध्ये फिल्म दुतर्फी चिकटपट्टीनं धरा. ताणू नका! सुरकुत्या राहिल्या तरी चालतं, ताणलेल्या फिल्मनं मात्र प्रतिमा बिघडते. दर वेळी बल्बसमोर धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढं एखादं भोक काळ्या मार्करनं बुजवता येतं, ओरखडे किंवा बरीच भोकं असली तर नवी फिल्म. कडं बसवल्यावर तीन जागी चिकटपट्टी लावा, माळावरचा वारा ते उडवू शकतो. फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, काढून ठेवा. नळीची जमिनीवरची सावली सगळ्यात आखूड झाली की सूर्य नजरेच्या टप्प्यात आला.

25 मिमीच्या आयपीसनं 36 पट मिळतं, अख्खी तबकडी मावते. फोकस सूर्यावरच्या डागाच्या काळ्या गाभ्यावर आणि भोवतीच्या करड्या झालरीवर करा. सकाळी आठ ते दहा ही वेळ उत्तम. स्लॅब तापला की सूर्याची कड उकळायला लागते, म्हणून गच्चीपेक्षा उसाच्या फडाकडेला किंवा गवतावर उभं राहा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग येतात. पावसाळ्यात फिल्म सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात.

ज्वाला या फिल्ममधून दिसणार नाहीत, लाल काचेनंही नाही. त्यांना हायड्रोजन-अल्फाची 656.28 नॅनोमीटरची रेषा एखाद्या अँगस्ट्रॉमच्या (नॅनोमीटरच्या दहाव्या भागाच्या) आत वेगळी काढणारा एटालॉन हा खास फिल्टर लागतो. डेस्टार कंपनीचं क्वार्क हे आयपीसच्या जागी बसणारं असं उपकरण एफ/4 ते एफ/8 च्या नळ्यांसाठी आहे (एफ म्हणजे नाभीय अंतर भागिले भिंगाचा व्यास). तुमची एफ/11 ची, आणि क्वार्कमध्ये 4.3 पटीची बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) असल्यानं सव्वा इंची आयपीसमध्ये पूर्ण सूर्य मावणार नाही, वर प्रतिमा मंद. कोरोनाडो किंवा लंटची 40 मिमीची वेगळी सौर दुर्बीण तुम्हाला जास्त सोयीची पडेल. ती वापरताना डोक्यावर काळं कापड घ्या आणि ट्यूनिंग, म्हणजे तरंगलांबी जुळवायची कळ, हळूहळू फिरवा. कडेच्या ज्वाला आणि तबकडीवरचे काळे तंतू ट्यूनिंगच्या एकाच जागी स्पष्ट होतीलच असं नाही, कारण आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर धावणाऱ्या वायूची तरंगलांबी किंचित सरकलेली असते.