बार्ड आणि दरबारातली कारस्थानं: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

यावेळचे जवळजवळ सगळे प्रश्न डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमच्या पाचव्या एडिशनमधल्या बार्डबद्दल, म्हणजे गाणं-बजावणं आणि जादू करणाऱ्या पात्राबद्दल आलेत, आणि तेही लढाया कमी, दरबार-मेजवान्या-कटकारस्थानं जास्त अशा कॅम्पेनसाठी (अनेक सेशन चालणाऱ्या कथेसाठी). उत्तरं २०१४ च्या नियमांप्रमाणे देतेय.

प्रश्न: माझा बार्ड आता लेव्हल ३ ला पोचतोय. कॉलेज कुठलं घेऊ? सगळे एलोक्वेन्सच घे म्हणतायत.

म्हणतायत ते उगाच नाही. कॉलेज म्हणजे लेव्हल ३ ला निवडायची बार्डची शाखा. त्यातल्या एलोक्वेन्सला सिल्व्हर टंग मिळतं, म्हणजे परसुएशन (पटवणं) किंवा डिसेप्शनला (थापा मारणं) वीस बाजूंच्या डायवर, म्हणजे फाशावर, ९ किंवा कमी पडले तरी १० धरायचे. करिष्मा १६ असेल आणि परसुएशनमध्ये एक्स्पर्टीज (त्या स्किलचा प्रोफिशियन्सी बोनस दुप्पट) घेतली असेल तर तुमचा सगळ्यात वाईट रोलसुद्धा १७, आणि लेव्हल ४ ला करिष्मा १८ केलात की लेव्हल ५ ला तोच आकडा २० होतो. जबरदस्तच आहे हे.

तरी मला विचाराल तर मी लोअर कॉलेज घेईन. कारस्थानांच्या कॅम्पेनमध्ये बोलायची वेळ येते तेव्हा अर्धा खेळ होऊन गेलेला असतो, कोणाला काय हवंय, कोण कोणाला टरकून आहे, कोणाचं कर्ज कोणाच्या खिशात आहे हे ज्याला आधी कळतं त्याचंच पारडं जड. लोअरला आणखी ३ स्किल्स मिळतात, बार्डची ३ आणि बॅकग्राउंडची २ धरली की ८ झाली, त्यात इनसाइट (समोरच्याच्या मनातलं ओळखणं), इन्व्हेस्टिगेशन, हिस्टरी, स्टेल्थ सगळं आरामात बसतं. शिवाय लोअरचा कटिंग वर्ड्स, म्हणजे समोरच्याचा रोल कमी करणारा टोमणा, बरेच जण फक्त लढाईत वापरतात, पण तो अबिलिटी चेकवरही (स्किल वगैरे वापरताना करायच्या रोलवरही) चालतो! तुम्ही थाप मारताय आणि समोरचा मंत्री इनसाइट रोल करतोय, तेव्हा रिअॅक्शन (दुसऱ्याच्या कृतीवर लगेच करायची कृती) वापरून त्याच्या रोलमधून तुमचा बार्डिक इन्स्पिरेशनचा डाय वजा करा.

ग्लॅमर कॉलेज मेजवान्यांसाठी मस्त, त्याचं पुढे सांगते. व्हिस्पर्स एकट्याने हेरगिरी करणाऱ्याला शोभतं, पार्टीबरोबर, म्हणजे आपल्या टोळीतल्या बाकी पात्रांबरोबर, वावरायचं असेल तर थोडं अडचणीचं.

प्रश्न: परसुएशन +९ आहे, रोल २७ आला, तरी डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो राजा ऐकत नाही. मग एवढं स्किल घेऊन उपयोग काय?

डीएमची बाजू घेतेय असं वाटेल, पण नियम बघा. डीएम गाइडमध्ये समोरच्याचे तीन पवित्रे दिलेत, मित्रत्वाचा, तटस्थ आणि शत्रुत्वाचा. डीसी (रोलने गाठायचा आकडा) २० पार केलात तर शत्रू तुमचं काम करेल, पण त्याला कसलीच झळ बसणार नसेल तरच. तटस्थ माणूस थोडीशी झळ सोसेल, आणि मोठा धोका पत्करणार तो फक्त मित्र. म्हणजे राजा तुमच्यावर खार खाऊन असेल आणि तुम्ही त्याला सख्ख्या भावाला अटक करायला सांगत असाल तर २७ काय आणि ३५ काय.

आधी पवित्रा बदलायचा. त्याचाही रस्ता तिथेच दिलाय, गप्पा मारताना इनसाइट चेक करून त्या माणसाचा आदर्श, जिव्हाळ्याची गोष्ट किंवा कमजोरी यातलं काहीतरी शोधायचं आणि बोलणं तिथे नेऊन भिडवायचं. राजाचा भावावर विश्वास आहे पण मुलीवर जीव आहे, हे कळलं की भावाबद्दल अवाक्षर काढू नका, मुलीच्या सुरक्षिततेबद्दल बोला. म्हणूनच मी प्रत्येक बार्डला सांगते की लेव्हल ३ च्या दोन एक्स्पर्टीजपैकी एक इनसाइटला द्या, विस्डम कमी असतं बार्डचं, ते तिथे भरून निघतं. बॅकग्राउंडही बघून घ्या, नोबल घेतलात तर हिस्टरी आणि परसुएशन, शार्लटन घेतलात तर डिसेप्शन आणि वर एक पूर्ण बनावट ओळख, कागदपत्रांसकट.

प्रश्न: भर मेजवानीत सरदारावर चार्म पर्सन हा भुरळ घालणारा स्पेल (जादूचा मंत्र) टाकला आणि आम्हाला हाकललं. चुकलं काय?

दोन गोष्टी. एक म्हणजे स्पेल टाकताना मंत्र आणि हातवारे दोन्ही सगळ्यांना दिसतात-ऐकू येतात. दुसरं, तासाभराने स्पेल संपला की आपल्यावर जादू झाली हे त्या माणसाला कळतं, आणि सरदाराला शत्रू करून घेणं परवडत नाही. फ्रेंड्स हा स्पेल तर त्याहून वाईट, एका मिनिटात संपतो आणि माणूस उलटतो.

दरबारात मी जे स्पेल दाराबाहेर टाकून आत जाता येतं ते आधी घेते. डिसगाइज सेल्फ (रूप बदलणं) तासभर टिकतो, कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला सतत लक्ष देणं) लागत नाही, फक्त कोणाला अंगाला हात लावू देऊ नका. डिटेक्ट थॉट्स एकच मिनिट टिकतो, पण वरवरचे विचार वाचायला सेव्हच (जादू टाळायचा समोरच्याचा रोल) नाही, आणि तुम्ही प्रश्न विचारलात की समोरच्याचे विचार आपसूक तिकडे वळतात, त्यामुळे खांबाआड टाका, लगेच जाऊन एकच नेमका प्रश्न विचारा आणि निघा, खोल शिरलात तर त्याला कळणार. समोरच्याला एखादी गोष्ट करायला लावणाऱ्या सजेशनला हातवारे नाहीत, ८ तासांपर्यंत टिकतो, पण मंत्र ऐकू येतोच, म्हणून एकांतात. एलोक्वेन्सवाला असाल तर त्याच टर्नला आधी अनसेटलिंग वर्ड्स (समोरच्याचा सेव्ह कमी करायला), मग सजेशन.

आणि हाच मेजवानीचा प्रसंग ग्लॅमरसाठी सोन्याचा होता, त्याचा श्रोत्यांना भुरळ घालणारा एन्थ्रॉलिंग परफॉर्मन्स हा स्पेलच नाही, किमान एक मिनिट गायलात की झालं, आणि ज्यांचा सेव्ह झाला त्यांना तुम्ही काही करत होतात याचा पत्ताही लागत नाही.

प्रश्न: ताई, मला स्वतःला चारचौघात बोलताच येत नाही. मग मी बार्ड खेळूच नये का?

खेळ, नक्की खेळ. फायटर खेळणाऱ्याला कोणी तलवार चालवून दाखव म्हणत नाही. तुझ्या पात्राला काय हवंय, तो कुठला मुद्दा काढतो आणि कोणत्या सुरात, एवढं तिसऱ्या पुरुषात सांगितलंस तरी पुरतं, "तो तिला मुलीच्या लग्नाची आठवण करून देतो आणि हळूच मदत सुचवतो" असं. सेशनआधी डीएमशी हे एकदा बोलून घे. आणि एका वहीत प्रत्येक एनपीसीच्या (डीएम चालवतो त्या पात्राच्या) नावापुढे दोनच गोष्टी लिही, हवंय काय आणि भीती कशाची. ऐन वेळी सुचत नाही तेव्हा त्या वहीचा फार आधार होतो.

प्रश्न: सगळं बोलणं माझाच बार्ड करतो, बाकीचे कंटाळतात.

मग बार्डिक इन्स्पिरेशन, म्हणजे दुसऱ्याच्या रोलमध्ये मिळवायला द्यायचा जादा डाय, त्यांना द्या की! दिलेला डाय १० मिनिटं राहतो आणि कुठल्याही अबिलिटी चेकला चालतो, त्यामुळे सैनिकांच्या कोठीत फायटरला बोलू दे, देवळात क्लेरिकला, आत जायच्या आधी डाय देऊन ठेवा. लेव्हल ५ नंतर तो शॉर्ट रेस्टलाही (छोट्या विश्रांतीनंतरही) परत मिळतो, तेव्हा हात आखडता घेऊ नका. आणि तुम्ही दिवाणखान्यात सगळ्यांच्या नजरा स्वतःवर खेचून गात असता तेव्हाच रोगला (चोरट्या पात्राला) वरच्या मजल्यावर पत्रं शोधायला पाठवा.