लाइन गेली की काट्यावर पावत्या वाढतात

प्रश्न : सर, हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मी संगणकाचं काम पाहतो. वजनकाट्याचा प्रोग्रॅम मीच लिहिलाय, सी शार्प आणि विंडोज फॉर्म्समध्ये. इंडिकेटरवरून, म्हणजे काट्याचा आकडा दाखवणाऱ्या पेटीवरून, वजन उचलणारी डीएलएल (तयार कोडची फाइल) काटा बसवणाऱ्यानं दिली. ती व्हीबी डॉटनेटमधली आहे, सोर्स नाही, आणि तो माणूस आता फोन उचलत नाही. वजन थांबलं की डीएलएल ‘वेटस्टेबल’ हा इव्हेंट उठवते, म्हणजे जोडलेल्यांना हाक देते, आणि माझा फॉर्म पावती छापतो. आवक वाढल्यापासून एका गाडीच्या दोन, कधी तीन पावत्या निघतात. लाइन जास्त वेळा गेली त्या दिवशी तर हमखास. इंडिकेटर बंद पडतो, संगणक इन्व्हर्टरवर चालू राहतो, आकडा गोठतो. मग ऑपरेटर काट्याचा फॉर्म बंद करून परत उघडतो. या इव्हेंटला कोण कोण जोडलंय ते रिफ्लेक्शननं, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या आत कोडनंच डोकावून, पाहायला गेलो. ‘गेटइव्हेंट्स’ला ‘नॉनपब्लिक’ फ्लॅग दिला तर रिकामा अ‍ॅरे येतो, आणि ‘गेटफील्ड’ नल (काहीच नाही) देतं. काय चुकतंय?

उत्तर : भाऊ, रोग तुम्ही पत्रातच लिहून टाकलाय, त्या लाइनच्या वाक्यात. पण तुम्ही विचारलंय रिफ्लेक्शनचं, तर आधी ते.

रिकामा अ‍ॅरे येतो कारण फ्लॅग, म्हणजे काय शोधायचं ते सांगणाऱ्या खुणा, अर्धेच दिलेत. फ्लॅग द्यायचेच असतील तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात: ‘पब्लिक’ की ‘नॉनपब्लिक’, आणि ‘इन्स्टन्स’ की ‘स्टॅटिक’. एक राहिली की एरर येत नाही, गुपचूप शून्य येतं. फ्लॅगच दिले नाहीत तर सगळे पब्लिक इव्हेंट मिळतात, वरच्या क्लासकडून वारशानं आलेलेसुद्धा. ‘सीरियलपोर्ट’वर करून पाहा. ‘डेटारिसीव्ह्ड’, ‘एरररिसीव्ह्ड’, ‘पिनचेंज्ड’ आणि चौथा ‘डिस्पोज्ड’. हा चौथा त्याचा स्वतःचा नाही, ‘कंपोनंट’कडून आलेला आहे.

पण या यादीनं तुमचं काम होणार नाही. ‘इव्हेंटइन्फो’ म्हणजे गावात कोणकोणती दवंडी पिटली जाते त्याची नोंद. नाव कळतं, हँडलरचा (हाक ऐकून काम करणाऱ्या मेथडचा) प्रकार कळतो, जोडायची आणि सोडवायची मेथड मिळते. ऐकायला कोण उभं आहे ते त्यात नाही. ती माणसं असतात इव्हेंटच्या मागच्या डेलिगेटमध्ये, म्हणजे कोणाची कोणती मेथड बोलवायची ते धरून ठेवणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये, आणि तो साधारणपणे एका प्रायव्हेट फील्डमध्ये ठेवलेला असतो. सी शार्पचा कंपायलर त्या फील्डला इव्हेंटचंच नाव देतो. व्हीबीचा कंपायलर नावामागे ‘इव्हेंट’ जोडतो. म्हणून तुम्हाला नल आलं. ‘वेटस्टेबलइव्हेंट’ नावानं, ‘नॉनपब्लिक’ आणि ‘इन्स्टन्स’ लावून शोधा. तरीही नाही सापडलं तर ‘बेसटाइप’नं एकेक पायरी वर चढा, वरच्या क्लासचं प्रायव्हेट फील्ड खालच्या टाइपवर दिसत नाही. (बटणाच्या ‘क्लिक’साठी हा रस्ता चालत नाही. विंडोज फॉर्म्सचे कंट्रोल सगळे हँडलर एकाच ‘इव्हेंटहँडलरलिस्ट’मध्ये कोंबतात. एका डाळमिलच्या प्रोग्रॅमसाठी ‘क्लिक’ नावाचं फील्ड शोधण्यात माझी अख्खी दुपार गेलीय.)

फील्डची व्हॅल्यू ‘डेलिगेट’मध्ये कास्ट करा, ‘गेटइन्व्होकेशनलिस्ट’ मागा आणि प्रत्येकाचं ‘मेथड’ आणि ‘टार्गेट’ (ती मेथड ज्या ऑब्जेक्टची आहे तो) छापा. मला वाटतं, दोनदा लाइन गेल्यावर तुम्हाला तीन ओळी दिसतील. तिन्हींत मेथड तीच, पण टार्गेट तीन वेगवेगळे फॉर्म. ‘शो’नं उघडलेले असतील तर पहिल्या दोघांचं ‘इझडिस्पोज्ड’ ट्रू निघेल. म्हणजे बंद केलेले फॉर्म पडद्यावरून गेले, काट्यावरून गेले नाहीत. डीएलएलचा ऑब्जेक्ट प्रोग्रॅम चालू होताना एकदाच बनतो आणि प्रत्येक नवा फॉर्म त्याला ‘प्लस इज इक्वल टू’नं स्वतःला जोडतो. सोडवत कोणीच नाही. ऑब्जेक्टनं धरून ठेवल्यामुळं मेमरीही मोकळी होत नाही.

आता जपून. यावर बहुतेक जण सांगतील, ‘लोड’मध्ये, म्हणजे फॉर्म उघडताना, आधी ‘मायनस इज इक्वल टू’ करून सोडवा, मग ‘प्लस’नं जोडा. त्यानं काही होणार नाही. डेलिगेट सोडवताना मेथड आणि टार्गेट दोन्ही जुळावे लागतात. नव्या फॉर्मचं ‘मायनस’ नव्या फॉर्मलाच शोधतं, जो अजून जोडलेलाच नाही. जुने दोघं जागच्या जागी. बरं, एररही येत नाही, त्यामुळं केल्यासारखं वाटतं. ‘मायनस’ची ओळ ‘फॉर्मक्लोज्ड’मध्ये टाका, जो जोडला गेला त्यानंच जाताना सुटायचं.

आणि रिफ्लेक्शनचा तो कोड रोग सापडला की काढून टाका. प्रायव्हेट फील्डचं नाव पुढच्या डीएलएलमध्ये तेच राहील याची हमी कोणी दिलेली नाही. तोवर मालकांना सांगा, तिन्ही पावत्यांवर वजन एकच आहे. शेतकऱ्याला एक द्या, बाकीच्या फाडा, पण नोंदवहीत गाडी तीनदा चढली असेल तर ती आधी दुरुस्त करा. संध्याकाळी क्विंटलचा हिशेब जुळला नाही तर पहिल्यांदा तुमच्याकडंच बोट जाईल.

प्रश्न : ‘गेटइव्हेंट’ला नाव बरोबर देऊनही नल येतं. (वरूड)

उत्तर : स्पेलिंग बरोबर असेल हो, पण लहान-मोठी अक्षरं? सगळं लहान लिपीत लिहिलं की सापडत नाही. ‘इग्नोअरकेस’ फ्लॅग आहे, पण तो एकटा दिला तर पुन्हा नलच. सोबत ‘पब्लिक’ आणि ‘इन्स्टन्स’ लागतातच, वर सांगितलं तसं. क्लास हाताशी असेल तर २०१५ पासून, म्हणजे सी शार्प ६ पासून, ‘नेमऑफ’ आहे, तो नाव कोडमधूनच उचलतो. नाव चुकलं तर कंपायलर तिथंच अडवतो.