दोन फॉर्म एकाच वेळी

प्रश्न : आमच्या पतसंस्थेसाठी मी एक्सेलच्या मॅक्रोमध्ये दोन फॉर्म केलेत, सभासदाचा आणि कर्जाचा. कर्जाचा उघडला की सभासदाचा गोठतो, खाते क्रमांक बघता येत नाही. काय करू?

उत्तर : तुमचे फॉर्म ‘मोडल’ आहेत. असा फॉर्म मिटेपर्यंत एक्सेल दुसरीकडे हात लावू देत नाही. कोडमधल्या, फॉर्म उघडणाऱ्या ‘शो’ या आज्ञेच्या पुढची ओळही तोवर थांबते. ‘शो’पुढे शून्य लिहा, मग फॉर्म मोडल राहत नाही. ही सोय एक्सेल २००० पासून आहे. पण शून्य दोन्हीकडे हवं. पहिला मोडलच राहिला तर दुसरा उघडताना ४०१ क्रमांकाची एरर येते.

आता कोड थांबणार नाही, म्हणून ‘शो’नंतर लगेच रक्कम वाचू नका, ती रिकामीच मिळेल. ते काम ‘जतन करा’ बटणाच्या क्लिकमध्ये न्या. कर्जमंजुरीचा शेवटचा फॉर्म मात्र मी मोडलच ठेवते, तुम्हीही ठेवा. लोकांच्या पैशाचा प्रश्न आहे, तिथे ‘हो’ म्हणताना लक्ष दुसरीकडे जायला नको.

फॉर्म मिटवताना तो मेमरीतून काढणाऱ्या ‘अनलोड’ऐवजी नुसता लपवणारं ‘हाइड’ वापरा, भरलेली माहिती टिकते. कोपऱ्यातली फुली मात्र अनलोडच करते. तिला ‘क्वेरीक्लोज’मध्ये, म्हणजे फॉर्म बंद होण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये, अडवा.