व्हर्च्युअल मशीन सस्पेंडमधून उठल्यावर डिस्क का अडकते?

तुम्ही व्हर्टआयओ ब्लॉक ड्रायव्हरच्या (व्हर्च्युअल मशीनमधली डिस्क चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या) सस्पेंडवेळी चालणाऱ्या फ्रीझ फंक्शनमध्ये विनंत्यांची रांग क्वायस करता, डिव्हाइस रीसेट करून व्हर्टक्यू (मशीन आणि होस्ट यांच्यातल्या सामायिक मेमरीतल्या रांगा) काढून टाकता, तरी उठल्यावर एखादी प्रोसेस ‘डी’ अवस्थेत (डिस्कची वाट बघत, मध्येच थांबवता न येणाऱ्या झोपेत) लटकते. गफलत क्वायसबद्दलच्या समजुतीत आहे. क्वायस फक्त नवीन विनंत्या ड्रायव्हरकडे जाऊ देत नाही. होस्टकडे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ संगणकाकडे, आधीच गेलेल्या विनंत्या पूर्ण होईपर्यंत ते थांबत नाही.

समजा, ४ केबीचं एक लेखन व्हर्टक्यूमध्ये पडलंय आणि होस्टचं उत्तर यायच्या आत तुम्ही रीसेट केलंत. आता काम झाल्याचं सांगणारा इंटरप्ट (होस्टचा इशारा) कधीच येणार नाही, आणि फाइलसिस्टम वाट बघत बसते.

म्हणून आधी ब्लॉक लेयरची (ड्रायव्हरच्या वरच्या, डिस्कच्या विनंत्या हाताळणाऱ्या थराची) रांग फ्रीझ करा, कारण फ्रीझ चालू विनंत्यांची मोजणी शून्यावर येईपर्यंत थांबतं. मग क्वायस करा आणि फ्रीझ सोडा. मधल्या काळातल्या विनंत्या वर, ब्लॉक लेयरमध्येच साचतील. रीसेट आणि व्हर्टक्यू काढणं त्यानंतरच. लिनक्सच्या मूळ ड्रायव्हरमध्येही २०२४ साली हीच दुरुस्ती झाली, त्यामुळे जुना कर्नल असेल तर आधी तो बदला.

हायबरनेशनमध्ये रीसेट टाळायचा मोह अजिबात नको. डिस्कवर साठवलेली मेमरीची इमेज वाचणारा कर्नल वेगळा असतो, त्याने व्हर्टक्यू मेमरीत दुसऱ्याच पत्त्यावर मांडलेले असतात. इमेजमधला कर्नल जागा झाल्यावर होस्टकडे त्या आधीच्या कर्नलचे पत्ते राहिले, तर डिव्हाइस भलत्याच मेमरीत लिहील. रिस्टोअरमध्ये व्हर्टक्यू नव्याने उभारा, डिव्हाइस तयार असल्याचं कळवा आणि शेवटी क्वायस उठवा.