हात आखूड आहेत म्हणून बॉक्सिंग सोडू का, असं विचारलंस म्हणून

अगं पोरी,

तुझा मेसेज सकाळी वाचला, दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नव्हता म्हणून सावकाश लिहितोय. आई-बाबा दोघंही बुटके, माझे हात आखूड, मग कितीही घाम गाळला तरी काय उपयोग, असं लिहिलंयस आणि सोबत त्या जीन टेस्टची लिंक.

आधी ती टेस्ट. करू नकोस, तेवढ्या पैशात चांगले शूज येतील. त्यात जो एसीटीएन३ नावाचा जीन बघतात त्याचा स्नायूंच्या वेगाशी संबंध आहे हे खरंय, पण फरक पडतो तो थोडासा, आणि तू बॉक्सर होशील का याचं उत्तर त्या कागदावर मिळत नाही.

आता हात. आखूड आहेत, मी खोटं कशाला बोलू? समोरचीचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तुला लागतो आणि तुझा तिच्यापर्यंत पोचत नाही हे मलाही रोज दिसतं. मेरी कोमचंच बघ, २०१२ च्या आधीची तिची पाच वर्ल्ड टायटल्स ४५, ४६ आणि ४८ किलोतली, आणि लंडनला बायकांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा सगळ्यात खालचा गटच ५१ किलोचा, म्हणजे वजन वाढवून स्वतःपेक्षा उंच पोरींशी खेळायचं. ती खेळली, ब्राँझ आणलं, पण सेमीफायनलला निकोला अ‍ॅडम्सशी हरली. मला विचारशील तर त्या एका ब्राँझमध्ये मेहनत कुठवर नेते आणि शरीर कुठे अडवतं, दोन्ही दिसतं.

मेहनतीनं सगळं होतं म्हणणारे लोक रॉकी मार्सियानोचं नाव घेतात. हेवीवेट चॅम्पियन, ४९ फाइट्स, ४९ जिंकल्या, आणि रीच, म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी, जेमतेम ६८ इंचांच्या आसपास. पण त्याचे कोच चार्ली गोल्डमन यांनी त्याला ताठ उभं राहून लांबून खेळायला लावलंच नाही, उलट अजून वाकवला, अजून खाली बसवला, म्हणजे समोरच्या उंच माणसाला खाली मारावं लागावं आणि हा आत घुसून पोटात मारणार. नुसती मेहनत नव्हती ती, त्या शरीराला शोभेल अशी मेहनत होती. उलट अमेरिकन बॉक्सर टॉमी हर्न्स, ६ फूट १ इंच उंची, ७८ इंच रीच आणि वजन फक्त ६६-६७ किलो, असं शरीर घडवून मिळत नाही, जन्माला यावं लागतं, पण अमॅच्युअरमध्ये त्याच्या हातात फारसा जोर नव्हता, त्याचे कोच इमॅन्युएल स्टुअर्ड यांनी त्याचा बॅलन्स आणि पायांची ठेवण बदलली आणि १९७७ ला प्रो झाल्यावर पहिल्या १७ फाइट्स त्यानं नॉकआउटनं जिंकल्या. ज्याला सगळे जन्मजात पंच म्हणतात तो बराचसा पायातून येतो गं.

आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. अमेरिका-कॅनडात १९९० च्या दशकात हेरिटेज नावाचा अभ्यास झाला, सगळ्यांना २० आठवडे एकसारखा सायकलिंगचा व्यायाम दिला, तर काहींची ऑक्सिजन घेण्याची क्षमता जवळपास वाढलीच नाही आणि काहींची मिनिटाला एक लिटरपर्यंत वाढली, आणि हा फरक घराण्यांमध्ये चालत आलेला दिसला. म्हणजे मेहनतीला शरीर किती दाद देतं हेसुद्धा थोडंफार रक्तातच असतं. म्हणून दोन महिने पळून तुझ्या मैत्रिणीचा दम वाढला आणि तुझा नाही वाढला तर स्वतःला आळशी म्हणू नकोस, मला सांग, आपण व्यायाम बदलू.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. हनुवटी. तुझ्या वयात मला सगळे म्हणायचे याची हनुवटी दगडाची आहे, म्हणजे कितीही मार बसला तरी पडत नाही, आणि मी त्याच्यावर इतका खूश असायचो की डिफेन्स शिकलोच नाही, दर शनिवारी हेवी स्पारिंग, म्हणजे सरावातच पूर्ण जोरानं मारामारी, डोक्यावर मार खायचा, हसायचं. एका संध्याकाळी जिममधून निघालो आणि घराकडे कुठला रस्ता जातो तेच आठवेना. मार खाऊन उभं राहणं ही मोठी देणगी आहे असं मला वाटायचं, पण तो उभा माणूस आतून किती मोडतोय हे कुणालाच दिसत नाही. १९९७ ला ३० बॉक्सर्सवर एक संशोधन छापून आलं, ज्यांच्यात एपीओई४ हा जीन होता आणि जे खूप फाइट्स खेळले होते त्यांच्या मेंदूचं नुकसान जास्त गंभीर निघालं. ३० माणसं म्हणजे थोडीच, पण मी ते वाचल्यापासून पोरांना हेवी स्पारिंग फार कमी देतो. मेंदूला सराव देऊन घट्ट करता येत नाही.

सोमवारी अर्धा तास लवकर ये. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायचे, बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजू, मग तुझ्या वजनगटातल्या ज्या दोन पोरींशी पुढच्या महिन्यात गाठ पडेल त्यांच्याशी ताडून बघू. पुढचे सहा आठवडे लांबून जॅब मारत बसायचं नाही. स्लिप म्हणजे डोकं बाजूला करून ठोसा चुकवायचा, पाऊल आत, पोटात दोन आणि बाजूला बाहेर, एवढंच. आणि डोकं दुखत असेल त्या दिवशी ग्लोव्ह्ज घालायचे नाहीत, आधी मला सांगायचं, लपवायचं नाही.

तुझे सर